घटस्फोटोत्तर पोटगी आणि तिच्या वसुलीचा इतिहास : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पोटगीचा आदेश मिळणे आणि पोटगी हातात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे न्यायालयाची पायरी चढलेल्या स्त्रीला कोणी समजावून सांगावे लागत नाही. कायद्याच्या इतिहासलेखनात मात्र हा भेद फारसा उमटलेला दिसत नाही. पोटगीचा हक्क कोणाला मिळाला, केव्हा मिळाला, किती रकमेपर्यंत मिळाला, धर्माधर्मांनुसार त्यात कोणते फरक राहिले, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मंजूर झालेली रक्कम वसूल कशी व्हावी हा प्रश्न कार्यपद्धतीचा म्हणून बाजूस ठेवला जातो. वास्तविक पाहता हक्काची खरी कसोटी वसुलीतच लागते.

प्रस्तुत लेखात घटस्फोटित पत्नीच्या थकीत पोटगीच्या वसुलीचा कायदेशीर इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. हा इतिहास एका विशिष्ट भूभागाशी जोडून पाहिला आहे. मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर काही किलोमीटरच्या अंतराने वसलेली उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकाच ठाणे जिल्ह्यात आहेत आणि त्यांना लागू असलेला कायदाही एकच आहे. पण त्यांच्या उपजीविकेचा इतिहास भिन्न आहे. त्यामुळे एकाच कायद्याचे तीन ठिकाणी तीन वेगळे परिणाम कसे संभवतात हे येथे पाहता येते. लेखाचा आधार संहितांची कलमे, प्रसिद्ध न्यायनिर्णय आणि या परिसराचा ज्ञात इतिहास हा आहे. व्यक्तिगत प्रकरणांचे सर्वेक्षण हा त्याचा हेतू नाही.

वासाहतिक संहिता : भटकेपणाच्या प्रतिबंधातून आलेला उपाय

भारतातील पोटगीच्या फौजदारी तरतुदीचा उगम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. १८७२ च्या संहितेत ती कलम ५३६ म्हणून आली, १८८२ मध्ये तिला ४८८ हा क्रमांक मिळाला आणि १८९८ च्या संहितेत तो कायम राहिला. या तरतुदीमागील भूमिका स्त्रीच्या हक्काची नव्हती. निराधार बायका-मुले रस्त्यावर येऊ नयेत, त्यातून भटकेपणा व गुन्हे वाढू नयेत, हा राज्यकर्त्यांचा हेतू होता. म्हणूनच हा विषय कौटुंबिक कायद्यात न जाता दंडाधिकाऱ्याच्या अखत्यारीत गेला आणि सर्वधर्मीयांना सारखा लागू झाला.

१८९८ च्या संहितेत मासिक रकमेची कमाल मर्यादा ५० रुपये होती. १९२३ मध्ये ती १०० रुपये आणि १९५५ मध्ये ५०० रुपये करण्यात आली. वसुलीसाठी कलम ४८८ च्या तिसऱ्या पोटकलमात दोन साधने दिली होती. आदेश मोडल्यास दंडाची रक्कम जशी वसूल करतात तशी पोटगी वसूल करण्यासाठी अधिपत्र काढावे, आणि तरीही रक्कम बाकी राहिल्यास प्रत्येक महिन्याच्या बाकीबद्दल एक महिन्यापर्यंत किंवा रक्कम भरेपर्यंत कैद द्यावी. या शब्दरचनेकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण तिच्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

या कलमातील ‘पत्नी’ या शब्दाची व्याप्ती मर्यादित होती. विवाह अस्तित्वात असेपर्यंतच पोटगी, असा त्याचा अर्थ होता. घटस्फोट झाला की आदेशाचा आधार संपे. ज्या समाजांत पतीला एकतर्फी विवाहविच्छेद शक्य होता तेथे पोटगीतून सुटण्याचा तो सोपा मार्ग ठरला.

तुरुंग कोणासाठी? रखमाबाई खटल्याचा धडा

त्याच काळात मुंबईत गाजलेला रखमाबाईंचा खटला या संदर्भात आठवणे उद्‌बोधक ठरते. बालपणी झालेल्या विवाहाचे बंधन नाकारणाऱ्या रखमाबाईंविरुद्ध पती दादाजी भिकाजी यांनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा आणला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, परंतु अपिलात तो निर्णय टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना एक महिन्यात पतीच्या घरी जाण्याचा, अन्यथा सहा महिन्यांच्या कैदेस सामोरे जाण्याचा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन हे प्रकरण मिटविण्यात आले.

हा खटला स्त्रीस्वातंत्र्याच्या इतिहासात योग्यच स्थान मिळवून बसला आहे. वसुलीच्या इतिहासाच्या दृष्टीनेही त्याचे महत्त्व आहे. पत्नीला पतीच्या घरी नेण्यासाठी त्या काळचा कायदा सहा महिन्यांच्या कैदेचे शस्त्र उगारू शकत होता, तर पत्नीचे अन्न अडविणाऱ्या पतीसाठी त्याच्याकडे महिन्याच्या बाकीमागे फार तर एक महिन्याची कैद होती. वैवाहिक हक्कांच्या हुकूमनाम्यासाठी कैद देण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेतून १९२३ मध्ये काढून टाकण्यात आली. पोटगीची मर्यादा ५० वरून १०० रुपयांवर गेली तेही याच वर्षी. एका बाजूस स्त्रीवरील जबरदस्ती कमी झाली, दुसऱ्या बाजूस तिच्या अन्नाची रक्कम वाढली. ती रक्कम मिळवून देणारी यंत्रणा मात्र जशी होती तशीच राहिली.

स्वातंत्र्योत्तर सुधारणा : हक्काचा विस्तार

मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने घटस्फोटाला देशव्यापी मान्यता दिली आणि कलम २५ अन्वये विवाहविच्छेदानंतरही कायमस्वरूपी पोटगीची तरतूद केली. हा अर्ज पती किंवा पत्नी यांपैकी कोणीही करू शकते; व्यवहारात तो बहुधा स्त्रियांनाच करावा लागतो. १९७६ च्या दुरुस्तीने कलम २८-अ घालण्यात आले आणि या अधिनियमाखालील हुकूमनामे व आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यांप्रमाणे अंमलात आणता येतील हे स्पष्ट झाले.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अधिक मूलगामी बदल केला. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या कलम १२५ मध्ये ‘पत्नी’ या शब्दात पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटित स्त्रीचा समावेश झाला. शंभर वर्षांहून अधिक काळ उघडी राहिलेली पळवाट अशा रीतीने बंद झाली. रकमेची मर्यादा मात्र ५०० रुपयेच राहिली. महाराष्ट्र शासनाने १९९९ मध्ये राज्यापुरती ती १५०० रुपये केली आणि २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने २४ सप्टेंबर २००१ पासून ती पूर्णपणे रद्द झाली. त्याच दुरुस्तीने अंतरिम पोटगीची सोय केली आणि तो अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे सांगितले.

मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत वाट अधिक वळणाची होती. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो प्रकरणात कलम १२५ चा लाभ घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही मिळतो असा निर्णय दिला. त्यानंतर उसळलेल्या वादळात १९८६ चा मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) अधिनियम संमत झाला. पतीची जबाबदारी इद्दतच्या काळापुरतीच आहे असा त्याचा अर्थ लावला जाऊ लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये हा संकुचित अर्थ नाकारला. २८ सप्टेंबर २००१ रोजी दानियल लतिफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठाद्वारे हीच दिशा मान्य केली : इद्दतच्या काळात पतीने स्त्रीच्या पुढील आयुष्याचीही वाजवी तरतूद केली पाहिजे. १० जुलै २०२४ च्या निर्णयात कलम १२५ चा मार्गही घटस्फोटित मुस्लिम स्त्रीसाठी खुला असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. येथे एक बाब नोंदविण्यासारखी आहे. १९८६ च्या अधिनियमाच्या कलम ३ मध्ये आदेश न पाळणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. ज्या कायद्यावर हक्क कमी केल्याची टीका झाली, त्याच कायद्यात वसुलीचे शस्त्र सामान्य संहितेपेक्षा अधिक धारदार आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली. पोटगीची कलमे आता १४४ ते १४७ आहेत. त्यांतील वसुलीचे पोटकलम वाचले असता दंडाप्रमाणे वसुली आणि महिन्याच्या बाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद हीच १८९८ ची रचना पुन्हा भेटते. सव्वाशे वर्षांत ‘पत्नी’ची व्याख्या बदलली, रकमेची मर्यादा गेली, अंतरिम पोटगी आली, पण बुडविणाऱ्या पतीकडून पैसे काढण्याची पद्धत मूलतः बदलली नाही. या लेखाचे प्रमुख प्रतिपादन हेच आहे.

थकीत पोटगीच्या वसुलीचे मार्ग

घटस्फोटित स्त्रीसमोर मुख्यतः तीन मार्ग आहेत. त्यांचे स्वरूप व मर्यादा समजून घेतल्याशिवाय स्थानिक परिस्थितीचा विचार करता येणार नाही.

पहिला मार्ग फौजदारी स्वरूपाचा. दंडाधिकाऱ्याकडे किंवा, जेथे कौटुंबिक न्यायालय स्थापन झाले आहे तेथे, त्या न्यायालयाकडे वसुली अर्ज करावा लागतो. न्यायालय जंगम मालमत्तेच्या जप्तीचे अधिपत्र काढू शकते किंवा जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे रक्कम वसूल करण्यास जिल्हाधिकाऱ्यास सांगू शकते. पती जेथे असेल तेथील कोणत्याही दंडाधिकाऱ्याला त्याची ओळख व थकबाकी यांची खात्री पटल्यावर आदेशाची अंमलबजावणी करता येते, आणि आदेशाची प्रत स्त्रीला विनामूल्य मिळते. मात्र रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. हे परंतुक अनेकींच्या लक्षात उशिरा येते. अर्ज प्रलंबित असताना पुढे साचलेल्या बाकीसाठी दर वेळी नवा अर्ज करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शांता विरुद्ध बी. जी. शिवनंजप्पा (२००५) या प्रकरणात सांगितले. तसेच एक वर्षाच्या मुदतीने पोटगीचा हक्क नष्ट होत नाही, ती मुदत या कलमाखालील विशिष्ट उपायापुरती आहे, असे पूनगोडी विरुद्ध तंगवेल (२०१३) मध्ये स्पष्ट करण्यात आले.

कैदेविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ‘महिनाभर आत जाऊन आलो, हिशोब मिटला’ अशी समजूत पतीची असते. कधी कधी पत्नीचीही असते. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ती खोडून काढली. कैद हे वसुलीचे साधन आहे, फेडीचा प्रकार नव्हे. तुरुंगातून सुटल्यावरही पूर्ण रक्कम देय राहते. अनेक महिन्यांची बाकी असल्यास एकूण किती काळ कैद देता येईल, याबाबत मात्र १९९९ च्या शहादा खातून प्रकरणातील निर्णयानंतरही वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळे अर्थ लावले आहेत.

दुसरा मार्ग दिवाणी दरखास्तीचा. हिंदू विवाह अधिनियमाखालील पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी तो प्रामुख्याने वापरला जातो. येथे मुदत बारा वर्षांची आहे व प्रत्येक हप्त्याची मुदत तो थकल्यापासून मोजली जाते. मालमत्तेची जप्ती व विक्री, वेतनाची जप्ती आणि दिवाणी कैद ही यातील साधने. वेतनाच्या बाबतीत कायद्याने स्त्रीला खास स्थान दिले आहे. सामान्य सावकाराच्या हुकूमनाम्यासाठी पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोनतृतीयांश भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र केवळ एकतृतीयांश पगार सुरक्षित असतो, म्हणजे दोनतृतीयांशापर्यंत जप्ती होऊ शकते.

दिवाणी कैदेची कथा वेगळी आहे. ऋणको देण्यास समर्थ असूनही अप्रामाणिकपणे टाळत आहे, अशी न्यायालयाची खात्री पटवावी लागते. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३९ नुसार कैदेतील ऋणकोच्या निर्वाहाचा खर्च हुकूमनामाधारकाने आगाऊ भरावा लागतो. हा खर्च पुढे दाव्याच्या खर्चात धरला जातो हे खरे. पण ज्या स्त्रीने पोटासाठी दाद मागितली तिनेच प्रथम त्याच्या तुरुंगातील जेवणाचे पैसे भरावेत, हा या व्यवस्थेतील विरोधाभास लपून राहत नाही.

तिसरा मार्ग कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याने खुला केला. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या या अधिनियमाच्या कलम २० अन्वये दंडाधिकारी आर्थिक साहाय्याचा आदेश देऊ शकतो आणि पतीने तो न पाळल्यास त्याच्या मालकाला किंवा त्याच्या ऋणकोला रक्कम थेट स्त्रीला देण्यास अथवा न्यायालयात भरण्यास सांगू शकतो. ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण येथे वसुलीचा दुवा पतीच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही. घटस्फोटापूर्वी घडलेल्या हिंसाचाराबाबत घटस्फोटानंतरही या अधिनियमाखाली दाद मागता येते, असे मुंबईतून गेलेल्या जुवेरिया पटनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केले.

तीन शहरे, तीन प्रकारच्या मिळकती

वरील मार्ग कागदावर सर्वांना समान आहेत. त्यांची परिणामकारकता मात्र पतीच्या मिळकतीच्या स्वरूपावर ठरते आणि हे स्वरूप त्या त्या शहराच्या इतिहासाने घडविलेले आहे.

अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आधुनिक अंबरनाथ मात्र कारखान्यांनी घडविले. काड्यापेटीचा विमको कारखाना, आयुध निर्माणी, यंत्र व अवजारे बनविणारा संरक्षण खात्याचा कारखाना आणि पुढे औद्योगिक वसाहत, असा त्याचा विस्तार झाला. आयुध निर्माणीतील कामगार म्हणजे ठराविक तारखेला पगार, सेवापुस्तक, वसाहतीतील घर आणि ओळखता येणारा वेतन अधिकारी. अशा पतीविरुद्ध दिवाणी संहितेतील आदेश २१, नियम ४८ उपयोगी पडतो. शासन, रेल्वे, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा शासकीय कंपनी यांच्या नोकराचे वेतन, वेतन अधिकारी न्यायालयाच्या हद्दीत असो वा नसो, जप्त करता येते. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन शासकीय कंपन्या स्थापन झाल्या, तरी नियमाच्या शब्दरचनेमुळे हा आधार नाहीसा होत नाही. निवृत्तीनंतर अडचण येते, कारण निवृत्तिवेतन सामान्यतः जप्तीपासून मुक्त असते. परंतु पत्नीच्या पोटगीसाठी ही सूट आड येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये दिला आहे. थोडक्यात, ज्या पतीची मिळकत शासनाच्या वहीत आहे त्याच्याविरुद्ध कायदा बऱ्याच अंशी समर्थ आहे.

उल्हासनगरचा इतिहास याहून अगदी निराळा आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित वसविण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावून आलेल्या या समाजाने कोणाच्या नोकरीची वाट न पाहता घराघरांतून उद्योग उभे केले. शिवणकाम, कापड, फर्निचर, सुटे भाग, मिठाई अशा असंख्य लहान व्यवसायांनी हे शहर वाढले. पुढे मराठी, उत्तर भारतीय व इतर समाजही याच व्यवहारात सामील झाले. या उद्यमशीलतेचे कौतुक योग्यच आहे. पण तिची दुसरी बाजू पोटगीच्या वसुलीत दिसते. व्यवसाय वडिलांच्या नावे, दुकानाचा परवाना भावाच्या नावे, व्यवहार रोखीचे आणि कारागीर असेल तर मजुरी नगावर; अशा स्थितीत वेतन अधिकारी कोण आणि जप्त काय करावयाचे? घरावर जप्ती आणावी तर मालकीची कागदपत्रे हाच मोठा प्रश्न असतो. शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्य विधिमंडळाला २००६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून या प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते. जप्तीच्या वेळी बेलिफासमोर घरातील प्रत्येक वस्तू कोणा तरी दुसऱ्याची निघते. अशा पतीविरुद्ध शेवटी अटकेचे अधिपत्र हेच साधन उरते. आणि तेही बजावले जाण्यासाठी तो कोठे झोपतो, कोठे बसतो ही माहिती स्त्रीलाच पुरवावी लागते.

बदलापूरची वाढ सर्वांत अलीकडची आहे. कुळगाव–बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजार झाली. मुंबईतील घरांच्या किमतींनी बाहेर लोटलेला नोकरदार वर्ग येथे आला. तो राहतो बदलापुरात, पण त्याचा पगार निघतो मुंबई, ठाणे किंवा नवी मुंबईत. येथे कायद्यातील एक बारीक भेद निर्णायक ठरतो. खासगी नोकराच्या वेतनजप्तीचा नियम ४८-अ असे सांगतो की वेतन अधिकारी न्यायालयाच्या स्थानिक हद्दीत असला पाहिजे. म्हणजे आयुध निर्माणीच्या कामगाराला जे लागू होते ते खासगी कार्यालयातील लेखनिकाला होत नाही. कल्याणच्या न्यायालयाचा हुकूमनामा असेल आणि कंपनी मुंबईत असेल, तर हुकूमनामा तेथील न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. तो वर्ग होईपर्यंत पतीने नोकरी बदलली की सारे पुन्हा पहिल्यापासून. औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामगाराच्या बाबतीतही तेच घडते, कारण त्याचा मालक कंत्राटागणिक बदलतो. घर कर्जावर घेतलेले असल्यास त्यावर पहिला बोजा बँकेचा असतो. मिळकत कागदावर आहे, परंतु ती सतत हलती आहे.

या तीन उदाहरणांवरून असे दिसते की वसुलीचा कायदा मनात एक विशिष्ट पती धरून लिहिला गेला आहे. त्याची मालमत्ता दिसणारी आहे, त्याचा पत्ता स्थिर आहे आणि त्याचा पगार सरकारी तिजोरीतून निघतो. १८९८ मध्ये आणि १९०८ मध्ये ही कल्पना समजण्यासारखी होती. आजच्या उल्हासनगर–बदलापूर परिसरात असा पती अपवादच म्हणावा लागेल.

माहितीचा भार कोणावर?

या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दिलेला निर्णय विशेष महत्त्वाचा ठरतो. हे प्रकरण महाराष्ट्रातीलच, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेले. अंतरिम पोटगीची थकबाकी वर्षानुवर्षे राहिल्याने ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने या निमित्ताने देशभरातील न्यायालयांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. दोन्ही पक्षांनी मिळकत, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र सादर करावे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. एकाहून अधिक कायद्यांखाली अर्ज केला असल्यास ते उघड करावे व पूर्वीच्या आदेशातील रक्कम विचारात घ्यावी. आणि आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे कैद, मालमत्तेची जप्ती इत्यादी साधनांनी करता यावी, अशा त्या सूचना आहेत. जाणूनबुजून पोटगी बुडविणाऱ्याचा बचाव रद्द करणे हा शेवटचा उपाय म्हणून मान्य करण्यात आला.

यातील प्रतिज्ञापत्राची सूचना वरकरणी तांत्रिक वाटते. इतिहासाच्या दृष्टीने ती सर्वांत मोठा बदल आहे. १८६१ पासून पतीची मिळकत शोधून सिद्ध करण्याचा भार व्यवहारात स्त्रीवरच होता. घरातून बाहेर काढलेल्या किंवा माहेरी परतलेल्या स्त्रीने पतीच्या दुकानाचे हिशोब कोठून आणावेत? हा भार प्रथमच अंशतः पतीकडे सरकला आहे. उल्हासनगरसारख्या, मिळकत घरोघरी विखुरलेल्या शहरात या प्रतिज्ञापत्राचे मोल अधिक आहे. त्याचप्रमाणे ते खोटे असण्याची शक्यताही अधिक आहे. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल कारवाई करता येते. परंतु ते खोटे आहे हे दाखवून देण्याचे काम पुन्हा अर्जदार स्त्रीकडेच येते.

येथे कायदेविषयक साहाय्याचाही उल्लेख आवश्यक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेचा हक्क आहे. या सेवेचा उपयोग बहुधा मूळ अर्जासाठी होतो. आदेश मिळाल्यावर प्रकरण संपले असे मानले जाते आणि वसुलीच्या टप्प्यावर स्त्री एकटी पडते. वस्तुतः वकिलाची, पाठपुराव्याची आणि धीराची गरज याच टप्प्यावर सर्वाधिक असते.

समारोप

महाराष्ट्रात परित्यक्ता व घटस्फोटित स्त्रियांच्या प्रश्नावर १९८० च्या दशकापासून चळवळी झाल्या, परिषदा भरल्या आणि कायद्यात बदलही झाले. त्या बदलांचे श्रेय कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. कलम ४८८ पासून कलम १४४ पर्यंतचा प्रवास हा हक्कविस्ताराचा प्रवास आहे, हे निर्विवाद. मात्र हक्क जितका वाढला तितकी वसुली वाढली नाही, आणि याचे कारण केवळ न्यायालयातील विलंब नाही. राज्याने आदेश देण्याचे काम आपल्याकडे घेतले, पण वसुलीचा पाठपुरावा, म्हणजे पतीचा पत्ता, मालक, मालमत्ता आणि कधी कधी त्याच्या कैदेतील जेवणाचा खर्चदेखील, स्त्रीवरच ठेवला.

या विवेचनातून काही गोष्टी सुचतात. खासगी नोकराच्या वेतनजप्तीसाठी स्थानिक हद्दीची अट काढून टाकणे, पोटगीच्या प्रकरणांत दिवाणी कैदेचा निर्वाह खर्च शासनाने उचलणे, महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करण्याच्या विद्यमान तरतुदीचा न्यायालयांनी अधिक वापर करणे आणि विधी सेवा वसुली पूर्ण होईपर्यंत चालू ठेवणे, यांसाठी फार मोठ्या वैधानिक क्रांतीची आवश्यकता नाही. जमीन महसूल बुडविणाऱ्यामागे राज्य स्वतः जाते. स्त्रीची पोटगी बुडविणाऱ्यामागे तिलाच जावे लागते, अंबरनाथहून कल्याणला, कल्याणहून ठाण्याला, हातात आदेशाची प्रत घेऊन. दोन थकबाकींतील हा फरक जोपर्यंत टिकून आहे, तोपर्यंत पोटगीच्या हक्काचा इतिहास पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.